हतनूरच्या पाण्यावर भेटलेल्या नानांना आभाराचे पत्र

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी हतनूर जलाशयात गाळात रुतलेली शिडाची होडी आपण बाहेर काढून दिलीत, त्या होडीतले आम्ही तिघे. त्या संध्याकाळी आपण पैसे घेतले नाहीत, आभाराचे दोन शब्दही पुरते बोलू दिले नाहीत. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहोत.

खान्देशात शीड उभारून होडी हाकणारे आमच्यासारखे हौशी लोक मोजकेच, आणि त्यांना मिळणारे दिवसही मोजके. पुराच्या दिवसांत धरणाचे ४१ दरवाजे उघडले जातात, तेव्हा या पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये. पावसाळा सरल्यावर जलाशय भरतो आणि उन्हाळ्यात पाणी उतरू लागते. त्यामुळे तो रविवार आमच्यासाठी हंगामातला शेवटचाच होता. सकाळी वारा जेमतेम होता. चक्रवाकांचे थवे अजून परतीला निघालेले नव्हते, आणि काठच्या केळीच्या बागांकडे पाहत आम्ही वल्ह्यांनीच पुढे सरकत होतो. दुपारी जमीन तापल्यावर पश्चिमेचा वारा सुटला, शीड भरले आणि होडी चांगदेवकडे, तापी-पूर्णेच्या संगमाच्या दिशेने धावू लागली. इतका आनंद आम्हांला या हंगामात दुसऱ्या कोणत्याही दिवशी मिळाला नव्हता.

सकाळी काठावर जाळे आवरताना आपण सांगितले होते, "संगमाकडं जाऊ नका, तिकडं पाणी दिसतं पण खोली नाही." पूर्णा काळ्या मातीच्या मुलखातून येते आणि तिचा गाळ याच भागात साचतो, हे आम्ही ऐकून होतो, तरीही पाठीशी वारा असताना आपला शब्द आम्ही मानला नाही, याची खंत आहे. परत फिरायला वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी जावे लागते. त्यासाठी होडीच्या तळातली उभी फळी पाण्यात खोल सोडावी लागते, नाहीतर होडी पुढे न जाता आडवी वाहत जाते. आम्ही फळी सोडली आणि ती गाळात घुसली. फळी वर घ्यावी तर वारा आणखी उथळात लोटणार, खाली ठेवावी तर होडी हलणार नाही, अशा अवस्थेत सुमारे तासभर गेला. आमच्यातला एकजण उतरून ढकलायला निघाला, तेवढ्यात आपली हाक आली: "पाय टाकू नको रे, कमरेपर्यंत जाशील!"

नाना, त्या एका हाकेचे मोल आम्हांला पुरेपूर कळते. आपण लांब बांबूने अंदाज घेत आपली होडी आमच्याजवळ आणलीत, अंगात लाइफ जॅकेट आहेत ना हे आधी विचारलेत, शीड उतरवायला लावलेत, फळी वर घ्यायला लावलीत आणि तिघांनाही एकाच कडेला बसवलेत. होडी कलली, तळ सुटला, आणि मग आपण दोर बांधून जुन्या नदीपात्राच्या खोल पाण्यातून आम्हांला ओढत नेलेत. डोळ्यांना सारखेच दिसणारे ते पाणी आपल्याला वाटेसारखे ठाऊक होते. सूर्य मावळताच वारा पडला. आपण आला नसता, तर ती रात्र आम्हांला तिथेच काढावी लागली असती.

काठावर काकूंनी वाढलेले वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी आम्ही कधी विसरणार नाही. ओले कपडे आणि चिखलाचे पाय घेऊन आलेल्या परक्या माणसांना त्यांनी घरच्यांसारखे जेवू घातले. त्यांनाही आमचा नमस्कार सांगावा.

आपला दोर घाईत आमच्याच होडीत राहून गेला. तो धुऊन, वाळवून जपून ठेवला आहे. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की तो परत करायला येऊ, आणि त्या दिवशी शीड उभारण्याआधी कुठवर जायचे ते आपल्यालाच विचारू.

आपले कृतज्ञ,
शिडाच्या होडीतले तिघे, जळगाव