गैरहजरांचा वाटा

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

परवा फोनवर बोलता बोलता आई म्हणाली, "ह्यांना चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन येतो म्हणत होते, पण ह्यांनी नको सांगितलं." मागून बाबांचा आवाज आला, "अगं, अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत मंडळीत. आधी त्यांच्याकडे जा म्हणावं." मी तेव्हा गप्प राहिले. फोनवर वाद घालायचा नव्हता, आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारंही नव्हतं. म्हणून हे पत्र.

गेल्या आगमनकाळापासून, नाताळाआधीच्या त्या चार आठवड्यांपासून, आमच्या चर्चच्या मंडळीत घरभेटींची वही माझ्याकडे आहे, हे तुम्हाला सांगितलंच होतं. सांगताना मी ते सहज सांगितलं, पण पहिल्यांदा वही हातात घेतली तेव्हा मला बाबांची प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस न्यायची ती छोटी काळी पेटी आठवली. उपासना सुटली की तुम्ही पाळकांबरोबर आजाऱ्यांच्या घरी निघायचात. मी बरोबर असले की ती पेटी दोन्ही हातांनी सरळ धरायला सांगायचात, आतले इवलेसे पेले हिंदकळू नयेत म्हणून. घरात शिरल्यावर तुम्ही कधी उभ्याने बोलला नाहीत. आधी स्टूल किंवा खुर्ची ओढून बसायचात, म्हणजे पलंगावरच्या माणसाला मान वर करून पाहावं लागू नये. आज मी नव्या स्वयंसेवकांना पहिली गोष्ट हीच शिकवते. बाकीचे नियम नंतर: जोडीने जायचं, आधी फोन करायचा, वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, तिथे कानावर पडलेलं बाहेर बोलायचं नाही.

आणि आई, मला वर्ष कळायचं ते तुझ्या इस्त्रीच्या गठ्ठ्यावरून. वेदीचं जांभळं कापड निघालं की आगमनकाळ किंवा ईस्टरआधीचा उपवासकाळ, पांढरं म्हणजे नाताळ किंवा ईस्टर, लाल आलं की पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरल्याचा सण, आणि मग हिरवं, संपता न संपणारं हिरवं. शाळेत ऋतू तीन शिकवले तरी माझ्या डोक्यात चारच होते.

आगमनकाळापासूनच सांगते, मंडळीचं वर्ष तिथेच सुरू होतं. शब्बाथशाळेच्या मुलांबरोबर मेणबत्त्यांचं कडं करायचं होतं, तेव्हा त्याचा इतिहास वाचला. बाबा, तुम्हाला तो नक्की आवडेल. जर्मनीत हांबुर्ग शहराजवळ योहान हिनरिख विखर्न नावाचे एक पाळक गरीब, निराधार मुलांसाठी घर चालवत. नाताळ कधी येणार, अजून किती दिवस, असं मुलं रोज विचारत. म्हणून 1839 साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या: आठवड्याच्या दिवसांसाठी लहान, चार रविवारांसाठी चार मोठ्या. रोज एक पेटवायची, मुलं मोजायची. आज जगभरच्या चर्चमध्ये जे सुंदर हिरवं कडं टांगतात, ते मुळात अनाथ मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून केलं होतं. मी ते मुलांना सांगितलं तेव्हा एका लहानग्याने विचारलं, "म्हणजे त्यांना घ्यायला कुणी येणार नव्हतं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

डिसेंबरमध्ये देणारे हात इतके असतात की ठेवायला जागा पुरत नाही. कपडे, ब्लँकेटं, धान्य, खेळणी. एकेका घरी तीन-तीन गट गाणी म्हणायला जातात. ह्या उत्साहाला मी कधीच नावं ठेवणार नाही, कारण त्यात मुलांना पहिल्यांदा दुसऱ्याच्या दाराशी जायची सवय लागते. पण नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, 26 डिसेंबरला, मंडळी स्तेफनाची आठवण करते, आणि त्या दिवशी मात्र उपासनेला मोजकीच माणसं असतात. स्तेफन पहिला हुतात्मा म्हणून आपल्याला माहीत आहे. त्याची पहिली नेमणूक कशासाठी झाली होती, हे मी वही घेतल्यावर पुन्हा नीट वाचलं. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी कुरकुर झाली, आणि म्हणून सात जणांना निवडलं गेलं. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. मंडळीतलं ते भांडण यादीत कुणाची तरी नावं राहण्यावरून होतं.

माझ्याही यादीत एक नाव राहिलं. जानेवारीत नवी वही केली, जुनीतली नावं उतरवून काढली, आणि पान उलटताना एका आजींचं नाव सुटलं. त्या एकट्या राहतात, ऐकू कमी येतं, फोन करत नाहीत. सात आठवडे त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. लक्षात आलं तेव्हा मी एकटीच धावत गेले, जोडीने जायचा नियम मोडून. त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्याकडे आजारी फार झाले असतील." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबा, तुमचं परवाचं वाक्य ऐकलं आणि मला त्यांचा आवाज आठवला. दुसऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त गरज असेल असं गृहीत धरून मागे सरणारी माणसं यादीतून सगळ्यांत आधी निसटतात, कारण ती तक्रारच करत नाहीत.

त्यानंतर मी एक पद्धत सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघी जणी बसून मंडळीची पूर्ण नोंदवही मोठ्याने वाचतो. एक वाचते, दुसरी म्हणते, "ह्यांना शेवटचं कुणी पाहिलं?" उत्तर आलं नाही की ते नाव भेटीच्या वहीत. कंटाळवाणं काम आहे, तासभर जातो. पण त्या एका तासात जितकी प्रार्थना होते तितकी माझ्याकडून एरवी होत नाही.

मग उपवासकाळ आला. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून राख करायचं काम ह्या वेळी तरुण संघाने केलं. होसान्ना म्हणत हातात धरलेल्या त्याच झावळ्या वाळतात, जळतात आणि पुढच्या वर्षी कपाळावर येतात, हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत शेहेचाळीस दिवस भरतात आणि आपण चाळीस म्हणतो, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, हेही त्यांना मी समजावलं, आई, अगदी तुझ्यासारखं बोटांवर मोजून. ज्याने जे सोडलं त्याचे वाचलेले पैसे दाराजवळच्या पेटीत टाकायचे, असं ठरलं होतं. पेटीत किती जमले ते महत्त्वाचं नाही. त्यातून एका घरचं औषधपाणी वर्षभर सुरळीत चालेल एवढी सोय झाली.

खरं सांगायचं होतं ते ईस्टरआधीच्या पुण्य गुरुवारचं. आमच्याकडे त्या संध्याकाळी पाय धुण्याचा विधी असतो. बारा जण पुढे बसतात, पाळक आणि सेवेकरी त्यांचे पाय धुतात. ह्या वर्षी तांब्या माझ्या हातात होता. माझ्यासमोर मंडळीचे एक जुने पंच बसले होते, जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेले. मी खाली बसले तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. हळूच म्हणाले, "माझे नकोत बाई. मी धुतो तुझे." मी तशीच बसून राहिले. काय बोलावं ते सुचेना. पाणी गार होत होतं. मागे गायनमंडळाचं गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं. मग त्यांनी स्वतःच एक पाय पुढे केला. नखं वाढलेली होती, वाकून कापणं जमत नसणार. म्हणूनच ते पाय लपवत होते, हे मला तेव्हा कळलं. पुसून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरी नखं कापायला जाणारा एक तरुण ठरला. त्यांनी ते कधीच मागितलं नसतं.

प्रभू शिष्यांचे पाय धुवायला लागले तेव्हा पेत्रही हेच म्हणाला होता ना, बाबा? तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. आणि प्रभूने त्याला काय उत्तर दिलं ते तुम्ही मला शंभरदा वाचून दाखवलंय: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. लहानपणी मला वाटायचं, पेत्र नम्र आहे, मग प्रभू त्याला रागावतात कशाला. आता त्या पंचांकडे पाहिल्यावर थोडं उमगलं. देणाऱ्याचं स्थान सोडणं किती अवघड असतं!

वाटा हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात घोळतोय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, साधारण 155 च्या सुमारास, रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने बादशहाला उद्देशून आपल्या श्रद्धेची बाजू मांडली. पुढे त्यांनी विश्वासासाठी प्राण दिले. त्या लेखनात रविवारची उपासना कशी होते त्याचं वर्णन आहे: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षरस. जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके ह्यांच्यासाठी अध्यक्षाकडे ठेवतात. आणि त्याच वर्णनात एक लहानशी ओळ आहे, जे गैरहजर आहेत त्यांच्याकडे त्यांचा वाटा डिकन, म्हणजे मंडळीचे सेवेकरी, घेऊन जातात. म्हणजे अजून चर्चच्या इमारतीही नव्हत्या, चर्चच्या पुढाऱ्यांची निकियाची मोठी परिषद 325 सालची, तिला सुमारे एकशे सत्तर वर्षं अवकाश होता, नाताळाचा सण ठरलेला नव्हता, तेव्हाही न येऊ शकलेल्यांचा वाटा वेगळा काढून त्यांच्या दारी पोचत होता. तुमची काळी पेटी इतकी जुनी आहे.

बाबा, तो वाटा कुणाचा तरी हिसकावून आणलेला नसतो. तुम्ही नको म्हणालात म्हणून तो दुसऱ्या आजाऱ्याला जास्त मिळत नाही. तो तुमच्या नावाचा असतो आणि तसाच परत जातो. तुम्ही इतकी वर्षं हे काम केलंत, तुमच्यासमोर कुणी असं दार लावलं असतं तर तुम्ही पायरीवरून परतला असतात का? मला आठवतंय, नाही. तुम्ही बाहेरच्या ओट्यावर बसून राहायचात.

आणखी एक. आता हिरवे महिने चालू आहेत. पेंटेकॉस्ट होऊन गेला, आगमनकाळ लांब आहे, मध्ये जवळजवळ अर्धं वर्ष. मंडळी कशी आहे असं मला कुणी विचारलं तर नाताळात या असं मी सांगणार नाही, ह्या महिन्यांत या असं सांगेन. सण नाही, गर्दी नाही. एक मुलगी दर गुरुवारी दोन तास एका लकवा झालेल्या गृहस्थांजवळ बसते, म्हणजे त्यांच्या बायकोला बाहेर पाय मोकळे करता येतात. दोन निवृत्त शिक्षिका शनिवारी मुलांचा अभ्यास घेतात, त्यात मंडळीबाहेरची मुलंच जास्त. ज्यांच्या घरातलं यंदा कुणी वारलं त्यांची नावं मी आत्ताच वेगळी लिहून ठेवतेय, कारण त्यांचा पहिला नाताळ फार कठीण जाणार आहे आणि डिसेंबरच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. ह्या दिवसांत माणसं कमी पडतात. अशा वेळी तुमचे पाळकसाहेब आपणहून येतो म्हणतायत, बरोबर कुणीतरी तरुण असेलच, पेटी सरळ धरायला शिकणारा. त्याला खुर्ची ओढून कसं बसायचं ते तुमच्याशिवाय कोण दाखवणार?

तुमचे गुडघे बरे झाले तर चर्चच्या पायऱ्या तुम्ही पुन्हा चढाल, ह्यासाठी मी रोज प्रार्थना करते. पण तोवर इतके रविवार तुम्ही दोघं त्या मेजापासून दूर राहावं, हे मला सोसवत नाही. आईसुद्धा तुमच्यामुळे जात नाही, हे ती बोलत नाही, मी सांगते.

मी पाळकसाहेबांना परस्पर फोन केलेला नाही. तो तुम्हीच करा, बाबा. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर या, एवढंच म्हणा.

आणि आई, कपाटातल्या वरच्या कप्प्यात तो लहान पांढरा रुमाल असेल, कडेला क्रूस भरलेला, जो तू दर शनिवारी बाबांच्या पेटीत घडी करून ठेवायचीस. तो काढून इस्त्री कर आणि खिडकीजवळच्या छोट्या मेजावर अंथर. वेदीवर सध्या हिरवं असलं, तरी आजाऱ्याच्या घरी मेजावर पांढरंच कापड घालायचं, हे तूच मला शिकवलंयस.

तुमची लेक