आत्याचा रिपोर्ट

सोलापूर, रविवार रात्री साडेअकरा

दिन्या,

काय बे, सहा महिने झाले तुला एक ओळ नाही, फोन उचलला नाही, रागावला असशील तर बरोबरच आहे. माझं बीपी गोळीवर ठीक, बाबांचा गुडघा तसाच. मुद्दा आत्याचा आहे.

आत्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. ती रडत नाहीये, तूपण रडू नको. पण तुलाच का लिहितोय ते ऐक. बायोप्सीचा रिपोर्ट मी पार्क चौकात गाडीवर बसूनच उघडला, आणि तिसऱ्या ओळीत प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय, पेशीच्या केंद्रकातले ते फुगलेले ठिपके. घरात हे कुणाला सांगू रे? बाकीच्यांना कॅन्सर कळला, ऑपरेशन कळलं, मला ते दोन शब्द सोडून दुसरं काही दिसेना. आठ वर्षं लॅबमध्ये आपण तेच बघत बसलो होतो की. सिल्व्हर नायट्रेटनं ते ठिपके रंगवताना बोटं काळी व्हायची, चार-चार दिवस डाग जायचे नाहीत, आत्या विचारायची दोघं मेंदी लावून आलात का रे. आणि मायक्रोस्कोपखाली ते काळे ठिपके मोठे, वेडेवाकडे दिसले की मीच ओरडायचो, ये बे, बघ काय भारी आलंय! भारी म्हणायचो रे मी त्याला. हीला पेशींचं प्रेझेंटेशन असलं की पहिल्या स्लाइडवर, ज्या बाईच्या कॅन्सरमधून त्या पेशी आल्या तिचं नाव, हेन्रिएटा लॅक्स, 1951 एवढं टाकायचो आणि लगेच पुढची स्लाइड. ती बाई पण कुणाची तरी आत्या असणार, हे आत्ता डोक्यात शिरलं.

परवा कडक भाकरी दुधात कुस्करता कुस्करता आत्या म्हणाली, तुम्ही दोघं एवढी वर्षं काय शोधत होतात ते आता तरी सांग. मी म्हटलं, पेशी म्हणजे आपला कारखाना, प्रोटीन म्हणजे चादर, ती विणणारा माग म्हणजे रायबोसोम. हे माग जिथं जोडतात ती शेड म्हणजे न्यूक्लिओलस. मागाचा सांगाडा आरएनएचा, शेडला भिंत नाही, काम चालू तोवर शेड उभी. कॅन्सरच्या पेशीला सारखं वाढायचं असतं, माग लई लागतात, म्हणून शेड फुगते. अण्णांच्या लूमचा हिशोब वीस वर्षं तिनंच ठेवलाय, लगेच म्हणाली, शेड वाढली म्हणून धंदा वाढला, का ऑर्डर आली म्हणून शेड वाढवली? ऑर्डर कोण देतंय ते बघा की.

घे! तुझंच म्हणणं. तू टेबल बडवून सांगायचास, मिक बघ, मिक हा जीन हुकूम सोडतो, न्यूक्लिओलस नुसता हमाल आहे, पियानेसे नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं 1896 ला कॅन्सरच्या पेशीत मोठे न्यूक्लिओलाय बघितले म्हणून ते कारण होत नाहीत. मी म्हणायचो, मग कमी डोसचं ॲक्टिनोमायसिन हे औषध टाकून मागाचा आरएनए बनवणारा पोलिमरेज वन बंद केला की रायबोसोमची मोकळी प्रोटीन्स एमडीएम-टूला, म्हणजे पी-53 ला दाबणाऱ्या प्रोटीनला, धरून ठेवतात आणि कॅन्सरला रोखणारा पी-53 वर येतो, हा हमाल असतो व्हय? दोन महिने बोललो नव्हतो आपण त्यावरून. माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण आत्या तुझ्या बाजूला गेली.

तिला ऑक्झॅलिप्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू ही केमोची औषधं चालू आहेत. 2017 चा तो पेपर तू पाठवलेलास, की त्याच जातीचं सिस्प्लॅटिन डीएनएचं नुकसान करून पेशी मारतं, ऑक्झॅलिप्लॅटिन मात्र रायबोसोम बनणं बिघडवून. मी तेव्हा नीट वाचला नव्हता. आता सलाइनचा थेंब थेंब पडताना बघतो आणि मनात तोच पेपर वाचतो, शेड बंद पड, शेड बंद पड. पहिल्या डोसनंतर तिनं माठात तांब्या बुडवला आणि हात झटकला, करंट लागल्यासारखं झालं म्हणाली. या औषधानं थंड सोसत नाही. आता तिचं पाणी मी कोमट करून ठेवतो, गड्ड्याच्या जत्रेला पण मफलर, हातमोजे घालून नेली.

सेकंड ओपिनियनसाठी स्लाइड्स आणल्यात. कपाटात आहेत, साड्यांच्या खाली. लॅबमध्ये नेऊन मायक्रोस्कोपला लावायला दहा मिनिटं लागतात, पण तीन आठवडे झाले, हात होत नाही. बघावंसं वाटतं आणि बघितल्यावर पुन्हा तोंडातून भारी निघालं तर, या भीतीनं झोप येत नाही. तू ये. मी डोळे मिटून बसतो, आधी तू बघ.

पोरीची दहावी कशी चाललीय? नागपूरच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? वहिनींना नमस्कार. येताना संत्री आणू नको, आत्याला सध्या आंबट चालत नाही. शेंगाची चटणी तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलीय तिनं.

सोमवारी तिसरा डोस आहे. रात्री नऊनंतर फोन कर, उचलतो.

तुझा
रव्या