आईलाही बोलायला लावलंत, बाई

प्रिय बाई,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "पुरे गं" म्हणता आणि आजीच्या गुडघ्यांची चौकशी सुरू करता. म्हणून पत्र लिहितेय, आणि मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं. आमच्या गिरगावात, तिकडे दादर-परळला अशी कितीतरी घरं आहेत, जिथं मुलांना रजिस्टर लग्न करायचं असतं आणि आईवडिलांच्या मनात येतं, सह्या केल्या की झालं लग्न? तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते त्या घरांपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं.

माझ्या नवऱ्याला तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत मुळाक्षरं गिरवायला शिकवलंत. त्याच्या घरी मुंबईचे पाहुणे उतरवायला जागा पुरेना, म्हणून अलिबागजवळच्या आक्षीतल्या तुमच्या वाडीतल्या खोल्या विचारायला आम्ही आलो होतो. तो, मी आणि आई. त्याच सकाळी अलिबागेत विवाह नोंदणीच्या कचेरीबाहेरच्या एका एजंटानं आम्हाला घाबरवून सोडलं होतं. दोन्हीकडच्या आईवडिलांची संमतीपत्रं लागतील, नाहीतर फाइल अडकेल, पण काळजी नको, पैसे द्या, तो सगळं करून देईल. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, आत जाऊन चष्मा आणि कायद्याचं एक पातळसं पुस्तक घेऊन आलात आणि पडवीत आमचा वर्गच घेतलात.

१९५४ चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकानं तरी नोटीस देण्याआधी निदान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असायला हवं, आणि तुमचा विद्यार्थी तर जन्मापासून रायगडचाच. नोटीस लागली की ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, तीन साक्षीदार आणायचे. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची पूर्ण हवी. संमतीपत्राचं नाव कुठेच नाही. तुम्ही एकेक ओळ बोटानं दाखवत गेलात आणि माझ्या मनावरचं ओझं उतरत गेलं. तो एजंट किती मागत होता हे मी सांगितलं तेव्हा तुमच्या कपाळावर जी आठी पडली, ती मला अजून दिसते.

मग तुम्ही कलम १२ वाचलंत. विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनीही एकमेकांना बोलून सांगायचं, की मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत. तेवढं म्हटल्याशिवाय ते लग्न पुरं होत नाही आणि दोघांवर बंधनकारकही होत नाही. इथं तुम्ही पुस्तक मिटलंत आणि माझ्याकडे न बघता आईकडे बघून विचारलंत, "आणि तुम्ही तुमच्या लग्नात काय म्हटलं होतंत?"

आई म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही हो."

१९८८ सालचं गिरगावातलं लग्न. आजोबांनी हात जोडून म्हटलं, नातिचरितव्या, म्हणजे हिची मर्यादा ओलांडू नका. बाबांनी भटजींमागून म्हटलं, नातिचरामि, नाही ओलांडणार. एका पुरुषानं मागितलं, दुसऱ्यानं वचन दिलं. आईला भटजी म्हणाले, "हाताला हात लावा," तो तिनं लावला. छत्तीस वर्षांच्या संसारात हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. तुमच्या पडवीत, चहाचा कप हातात घेऊन, ती ते अगदी सहज बोलून गेली. तुम्ही म्हणालात, "लेकीला कायदा बोलायला लावतोय, मग तुम्ही का गप्प बसायचं? त्याच दिवशी संध्याकाळी तुम्हीही बोला." बाई, मला तुमचे आभार मानायचेत ते मुख्यतः या एका प्रश्नासाठी. बाकी सगळं त्याच्या पोटातून आलं.

मामाला ते मुळीच पटलं नाही. म्हातारपणी पुन्हा लग्न हे सिनेमावाल्यांचं फॅड आहे, आणि तेही पौषात? मी भांडायच्या तयारीत होते. तुम्ही भांडला नाहीत. त्याला फोनवर सांगितलंत, की पहिलं सत्यशोधक लग्न २५ डिसेंबर १८७३ चं, जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी मराठीत बोलतात, वधू हक्क मागते आणि वर कबूल करतो. तेव्हा हे काही परदेशातून आलेलं नाही, आपल्याच मातीतलं आहे. शिवाय पौष. "पौषात लोक लग्नाचा मुहूर्त धरत नाहीत, आपला मुहूर्त कचेरी आणि समुद्र देतात," असं तुम्ही म्हणालात, आणि ते अक्षरशः खरं होतं.

कचेरी शनिवार-रविवारी बंद, म्हणजे वार कामाचा हवा. आईबाबांचं बोलणं किनाऱ्यावर व्हायचं होतं. आजीला चाकाच्या खुर्चीतून वाळूवर न्यायचं, तर संध्याकाळी पाणी लांब गेलेलं हवं आणि ओल्या वाळूचा घट्ट पट्टा उघडा हवा. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलंत आणि आम्हाला किनाऱ्यावरचा हिशेब शिकवलात. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दुपारच्या सुमाराला भरती, तिथून सहा तासांनी, ऐन सूर्यास्ताच्या आधी, पूर्ण ओहोटी. पौष पौर्णिमा सोमवारी येत होती, १३ जानेवारी २०२५. नोटीस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावली तर ३० दिवस बरोबर आधी संपत होते. तारीख ठरली. कुठल्याही इव्हेंटवाल्यानं अशी तारीख काढून दिली नसती.

पेण-वडखळच्या रस्त्यानं आजीला शंभर किलोमीटर हादरे बसू नयेत म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं गाडीसकट मांडव्याला या, हेही तुम्हीच सुचवलंत. आजी सबंध वाट खिडकीतून समुद्र बघत आली.

सकाळी कचेरीत आमचं काम झालं. माझे बाबा, माझे सासरे आणि तुम्ही, असे तीन साक्षीदार. ते वाक्य म्हणताना माझा आवाज बारीक झाला, तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "मोठ्यानं." शाळेत म्हणता तसं. मी मोठ्यानं म्हटलं. बाबा ते वाक्य लक्ष देऊन ऐकत होते हे मला संध्याकाळी कळलं.

त्या दिवशी भोगी होती. लग्नाच्या जेवणाला काय करायचं यावर मुंबईत आमच्याकडे बराच काथ्याकूट झाला होता. तुम्ही म्हणालात, सणाचंच जेवण करू. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भोगीची भाजी, मुगाची खिचडी. पानावर बसलेल्या प्रत्येकाला ती भाजी स्वतःच्या आईच्या हातची आठवली असणार, कारण बराच वेळ कुणी बोलतच नव्हतं. माझ्या सासरची आणि माहेरची माणसं तोवर एकमेकांशी जपून बोलत होती. जेवण उरकेपर्यंत सासूबाई आणि माझी मावशी भाजीत ऊस घालायचा की नाही यावर हिरिरीनं वाद घालायला लागल्या होत्या. तिथून पुढे ते एकच घर झालं.

दुपारी तुम्ही आमच्या पोरांना आक्षीचा शिलालेख दाखवायला घेऊन गेलात आणि मामाही बरोबर निघाला. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. मराठीतला सगळ्यांत जुना मानला जाणारा कोरीव लेख, आणि तो आहे दान दिल्याचा. परत आल्यावर मामा एवढंच म्हणाला, "हजार वर्षांपूर्वी दिलेला शब्द अजून वाचता येतो." तुम्ही त्याला तिथं काय समजावलंत मला ठाऊक नाही. संध्याकाळी तो पुढच्या रांगेत उभा होता.

आता त्या झापांबद्दल लिहायलाच हवं. सुरूच्या बनातून वाळूवर उतरतो तिथली वाळू कोरडी आणि भुसभुशीत. चाकं रुतणार हे तुम्ही आधीच ताडलं होतंत. वाडीतल्या झावळ्यांचे झाप विणून घेतलेत आणि बनाच्या कडेपासून ओल्या वाळूपर्यंत एकाला एक लावून अंथरलेत. कडा उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना सोललेले नारळ ठेवलेत. त्यावरून आजीची खुर्ची सरळ पाण्याच्या दिशेनं गेली. ती वाट तुम्ही आमच्यासाठी केली आहे हे तुम्ही सांगितलंही नाहीत. माझ्या नवऱ्याला विणणाऱ्या दादांकडून कळलं.

आणि मग आई बोलली. तुम्ही तिला फक्त "हं" म्हणालात. तिनं कागद घेतला नव्हता.

"अहो, तुमची पहिली पाळी असायची. चाळीत पाणी पहाटे यायचं. मला उठायला लागू नये म्हणून तुम्ही सगळे हंडे भरून मग डेपोत जायचात. मी जागी असायचे. मला आवाज यायचा. पण कधी बोलून दाखवलं नाही. आज सगळ्यांसमोर बोलते. आणि एक मागते. यापुढे काही ठरवायचं झालं तर आधी मला विचारायचं, मग ठरवायचं."

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. दिवसभर गाडीत बोलून बोलून घरी आले की मुके व्हायचे, असं आम्ही लहानपणापासून बघत आलो. ते म्हणाले, "विचारीन." मग जरा थांबून त्यांनी सकाळचं कचेरीतलं वाक्य, आईचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं घेऊन, जसंच्या तसं म्हटलं. मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. आईनंही तेच म्हटलं, मोठ्यानं. आजीनं खुर्चीतूनच अक्षता टाकल्या. त्या वाऱ्यानं मामाच्या अंगावर गेल्या.

रात्री वाडीत पोपटी लावलीत. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ, मधे केळीच्या पानात बांधलेलं चिकन, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. झालं की नाही ते बघायला तुम्ही बाबांच्या हातात पाण्याचं भांडं दिलंत, त्यांनी मडक्यावर शिंतोडा मारला, चर्र झालं, आणि बाबा लहान मुलासारखे हसले. त्यांचं तसं हसू मी किती वर्षांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, माझी पहिली. तुम्ही हलव्याचे दागिने करून ठेवले होते. तिळाच्या दाण्यावर पाक चढवत दिवसचे दिवस बसावं लागतं त्याला, हे मला माहीत आहे. डब्यात दोन संच होते. दुसरा आईचा. आईनं काळी चंद्रकळा नेसून हार, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं घातलं, आणि सासूबाईंनी आम्हा दोघींना शेजारी बसवून ओवाळलं.

खोल्यांचं भाडं तुम्ही रीतसर घेतलंत, त्याचं मला बरंच वाटलं. त्यामुळे बाकीच्याचे आभार मोकळेपणानं मानता येतात.

एक कळवायचं राहिलं. निघताना तुम्ही बाबांना विचारलं होतंत, "तुमचं लग्न कागदावर आहे का?" नव्हतं. त्या काळी कोण नोंदवायचं. आता मुंबईत वॉर्ड ऑफिसात १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली ते नोंदवून आलो. लग्नपत्रिका आईच्या शालूच्या घडीत सापडली, हळदीचा डाग पडलेली. लग्नातला फोटो होता. तीन साक्षीदार लागतात. पहिली सही मामानं केली, कुणी न सांगता पुढे होऊन. प्रमाणपत्राची एक प्रत आईनं तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. ती टपालानं पाठवायची नाही, हातात द्यायची, असं तिचं म्हणणं आहे.

तेव्हा आंब्यांच्या दिवसांत चार दिवस काढून या. रो-रोनंच या, भाऊच्या धक्क्यावर बाबा घ्यायला येतील. आमच्या मजल्यावरच्या काकू-काकांच्या लग्नाला मे महिन्यात चाळीस वर्षं होताहेत. आईकडून सगळं ऐकल्यापासून काकूंनाही बोलायचंय. काय बोलायचं ते त्यांचं ठरलंय, पण काकांसमोर सुरुवात कशी करायची ते त्यांना तुम्हालाच विचारायचंय.

तुमच्या विद्यार्थ्याची बायको,
आणि आता तुमचीही विद्यार्थिनी