दुपार पाहून पार्क निवड

आम्स्टेलवेन,
१८ जानेवारी

प्रिय मृणाल,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. येत्या उन्हाळ्यात आई-बाबांना आणि दोन्ही मुलांना घेऊन दक्षिणेकडच्या एखाद्या हॉलिडे पार्कमध्ये आठवडा-दहा दिवस राहायचे तुमचे ठरले आहे, आणि गार्डा सरोवर, क्रोएशिया की स्पेन यावरून घरात रोज वाद रंगतो आहे, असे तू लिहिले आहेस. तू सरळ सल्ला मागितला आहेस म्हणून सरळच सांगते : मी तुमच्या जागी असते तर या तिन्ही जागा बाजूला ठेवून व्हेनिसजवळच्या काव्हाल्लीनो-त्रेपोर्तीला गेले असते. मात्र सहा जणांना पटवायचे काम शेवटी तुझ्याच गळ्यात पडणार आहे, म्हणून त्यामागची कारणे जरा विस्ताराने लिहिते.

पार्क निवडताना आपण नेदरलँड्समध्ये राहणारी माणसे नकळत इथलीच फूटपट्टी घेऊन बसतो. सेंटर पार्क्स या कंपनीचे पहिले पार्क १९६८ साली इथल्याच लिम्बुर्ख प्रांतात सुरू झाले आणि पुढे त्यांनी पोहण्याच्या तलावावर काचेचे छप्पर घालून आत उष्ण कटिबंध उभा केला, कारण इथे सुट्टीचा खरा शत्रू पाऊस आहे. दक्षिणेतला शत्रू ऊन आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी एक ते पाच या वेळात इटलीत किंवा स्पेनमध्ये तुम्ही कुठे असाल, चार वर्षांची तन्वी कुठे झोपेल आणि बाबा वर्तमानपत्र घेऊन कुठल्या सावलीत बसतील, हा प्रश्न माहितीपत्रकातल्या घसरगुंडीच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. ती छायाचित्रे बहुधा सकाळी काढलेली असतात. संध्याकाळी सगळीच पार्क सारखी रम्य दिसतात. त्यांच्यातला फरक कळतो तो दुपारी.

म्हणून पार्कच्या संकेतस्थळावरचे फोटो पाहण्याआधी उपग्रहाचे चित्र उघड. ज्या भागात दाट हिरवे ठिपके दिसतात तिथे जुनी पाइनची झाडे आहेत, आणि जिथे पांढरी छपरे ओळीने चमकतात तो नव्याने वाढवलेला भाग असतो, जिथली रोपे अजून कमरेएवढीच असतात. ‘नवीन’, ‘प्रीमियम’ अशा नावांनी जास्त भाड्याची घरे पुष्कळदा याच उघड्या भागात असतात. घरात वातानुकूलन असतेच, पण मोबाइल होमच्या, म्हणजे कारखान्यातून तयार आणून ठेवलेल्या घरांच्या, भिंती पातळ असतात आणि अंगणात बसायचे म्हटले की यंत्राचा काही उपयोग नसतो. मी तर थोडे जुने, पण झाडाखालचे घर डोळे मिटून घेईन.

आता जागांविषयी. क्रोएशियाबद्दल आपल्याकडच्या लोकांची पूर्वीची अडचण व्हिसाची होती. १ जानेवारी २०२३ पासून तो देश शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, आला आणि त्याच दिवशी तिथे युरोही आला, त्यामुळे आई-बाबांच्या व्हिसावर तिथे जाता येईल. पोरेच आणि रोविन्यच्या बाजूचे पाणी इतके नितळ असते की छातीभर पाण्यात उभे राहिले तरी पायाची बोटे मोजता येतात. परंतु ते नितळ राहते याचे एक कारण म्हणजे तिथला किनारा वाळूचा नसून खडकाचा आहे. पुष्कळ ठिकाणी सिमेंटच्या कट्ट्यावरून शिडीने पाण्यात उतरावे लागते आणि खडकांत काटेरी समुद्री अर्चिन असल्याने पायात रबरी बूट घालावे लागतात. नऊ वर्षांच्या आणि पोहता येणाऱ्या ईशानला याहून चांगली जागा मिळणार नाही, पण तन्वीला बादली-फावडे घेऊन बसायला जागा नाही आणि आईंच्या गुडघ्यांना ती शिडी नको. अभिजितला क्रोएशियाच हवे असेल तर आणखी चार-पाच वर्षांनी जा.

गार्डाचे नाव आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असते आणि ते खोटे नाही. इटलीतले ते सर्वांत मोठे सरोवर आहे, उत्तरेला डोंगर थेट पाण्यात उतरलेले दिसतात आणि दक्षिणेला पेस्किएराजवळ १९७५ साली सुरू झालेले गार्डालँड हे मनोरंजन उद्यान आहे, ज्याच्यामुळे मुले दुसऱ्या कोणत्याही जागेचा विचारच करायला तयार होत नाहीत. परंतु किनारा बराचसा गोट्यांचा आहे, आणि सरोवराभोवतीच्या रस्त्यावर उन्हाळ्यात वाहने इतकी तुंबतात की शेजारच्या गावी आइस्क्रीम खायला जाणे हाही अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होतो. जर्मनीतल्या बव्हेरियातल्या शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते. त्या दिवसांत तर सगळे म्युनिक तिथे आल्यासारखे वाटते.

स्पेनबद्दल थोडक्यात लिहिते. कोस्टा ब्राव्हाच्या उत्तर भागात ‘त्रामुन्ताना’ हा उत्तरेचा वारा सुटला की छत्र्या उडतात; त्याहून दक्षिणेला कांब्रिल्स आणि सालोऊचा किनारा वाळूचा व उथळ आहे आणि जवळच १९९५ सालापासूनचे पोर्टअव्हेन्चुरा हे मनोरंजन उद्यान आहे. मात्र तुमच्या आइंडहोवेनहून ते अंतर काव्हाल्लीनोपेक्षाही जास्त पडते, आणि रात्री नऊला जेवणारा देश सात वाजता वरणभात मागणाऱ्या बाबांना कितपत मानवेल याची मला शंका आहे.

फ्रान्समधल्या आर्देशचे नाव तू पत्रात कंसात घातले आहेस, म्हणून तेही सांगते. पाँ द’आर्क या नैसर्गिक कमानीखालून वल्हवत जाणे हा खरोखर वेगळा अनुभव आहे, पण होडी भाड्याने देणारे सात वर्षांखालच्या आणि पोहता न येणाऱ्या मुलांना घेत नाहीत, म्हणजे तन्वीसह तुमच्यापैकी निदान एक जण काठावरच राहणार. नदीकाठच्या किंवा डोंगरपायथ्याच्या कुठल्याही जागेबाबत आणखी एक गोष्ट मी नेहमी पाहते. स्पेनच्या पिरेनीजमध्ये बिएस्कास येथील तंबूवस्तीवर ७ ऑगस्ट १९९६ रोजी मुसळधार पावसाने ओढ्याचा लोंढा आला आणि ८७ माणसे दगावली. ती वस्ती डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या गाळावरच वसवलेली होती. तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, पण नकाशात कोरडा ओढा पार्काला लागून दिसला तर मी ते पान मिटते.

आता काव्हाल्लीनो-त्रेपोर्ती. ही एका बाजूला एड्रियाटिक समुद्र आणि दुसऱ्या बाजूला व्हेनिसची खाडी अशी लांबट, सपाट जमिनीची पट्टी आहे. किनारा मऊ वाळूचा आहे आणि समुद्राचा तळ इतका हळू उतरतो की बरेच आत गेले तरी पाणी मोठ्यांच्या कमरेच्या वर येत नाही. इथल्या मोठ्या पार्कांतून रस्ता न ओलांडता वाळूवर जाता येते. इटलीत इतरत्र किनाऱ्याचे तुकडे खासगी चालकांकडे असतात आणि छत्री-खुर्चीचे भाडे रोज वेगळे मोजावे लागते. इथेही पुढच्या रांगेतल्या छत्र्यांचे पैसे घेतातच, पण स्वतःची छत्री रोवायला बहुधा जागा सापडते. आईंना पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात बसायचे असेल तर समुद्रावर त्यांना कोणी हटकणार नाही. पार्कच्या पोहण्याच्या तलावात मात्र चालणार नाही. इटलीत पुष्कळ तलावांवर डोक्याला टोपी सक्तीची असते आणि फ्रान्समध्ये पुरुषांच्या सैल चड्डीवर बंदी असते, तेव्हा आरक्षणाआधी तलावाचे नियम वाचून घे.

बाबांसाठी सर्वांत मोठे आकर्षण व्हेनिस. पट्टीच्या टोकाला पुंता साब्बिओनी नावाचा धक्का आहे आणि तिथून सरकारी बोटीने सान मार्कोच्या चौकाजवळ साधारण अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. गाडी, वाहनतळ, स्थानकावरची गर्दी यांपैकी काहीच वाट्याला येत नाही आणि शहर पहिल्यांदा दिसते तेही पाण्यावरून, जसे ते दिसायला हवे. पहाटेची बोट घ्या आणि बारापर्यंत परत या. काही ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून व्हेनिस २०२४ सालापासून प्रवेशशुल्क घेते. त्या तारखा आधीच जाहीर होतात.

या जागेचे दोषही सांगायला हवेत. खाडी जवळ असल्याने संध्याकाळी डास असतात आणि ते दिवसा चावणारेही आहेत, म्हणून ओडोमॉस आणायला आई-बाबांना आत्ताच सांगून ठेव. समुद्र क्रोएशियासारखा निळा नाही; वाळूमुळे तो किंचित गढूळ दिसतो. पार्के फार मोठी आहेत; १९५५ सालापासूनचे उनिओन लिदो हे एकच पार्क सुमारे ६० हेक्टरांचे आहे, आणि त्यातली गल्ली चुकीची मिळाली तर पाण्यापर्यंत जायला पंधरा मिनिटे चालावे लागते. म्हणून घराचा प्रकार निवडून थांबू नकोस, क्रमांकही निवड. त्यासाठी थोडे जास्त पैसे घेतात, पण ते पैसे मी कधीच वाचवणार नाही. समुद्र, रात्रीच्या गाण्यांचा मंच आणि कचऱ्याचे डबे या तिघांपासून ते घर किती दूर आहे ते नकाशावर मोज. पहिले जवळ हवे, बाकीची दोन लांब. मुलांच्या मिनी डिस्कोचा आवाज मंचाशेजारच्या घरात बसून रोज ऐकणे ही वेगळीच तपश्चर्या आहे.

घराबाबत माझे मत तुमच्या सध्याच्या बेताच्या विरुद्ध जाईल. ‘सहा जणांचे’ मोबाइल होम घेऊ नका. त्यात एक खोली नवरा-बायकोची, दुसऱ्या दोन खोल्यांत रेल्वेच्या बर्थसारख्या अरुंद खाटा आणि सगळ्यांना मिळून बहुधा एकच न्हाणीघर असते. काही घरांत तर सहापैकी दोन माणसे बैठकीच्या सोफ्यावर धरलेली असतात. आई-बाबांना त्या खाटांवर झोपवणार की तुम्ही दोघे झोपणार, हा वाद पहिल्याच रात्री सुरू होईल. त्यापेक्षा शेजारी-शेजारी दोन लहान घरे घ्या, आणि जमल्यास आई-बाबांचे घर विटांचे पक्के बंगलीवजा घ्या. त्याला तीन-चार उंच पायऱ्या नसतात, चालताना जमीन हलत नाही आणि इटलीत १९७५ सालच्या नियमाने राहत्या घरात बिडे (शौचानंतर पाण्याने धुण्याचे भांडे) असावे लागत असल्याने अशा बंगल्यांतही ते बहुतेक वेळा सापडते. आपल्या वडीलधाऱ्यांना युरोपात याहून मोठा दिलासा मिळणे कठीण. लॉज तंबू दिसायला देखणे असतात, पण उत्तर इटलीतली उन्हाळी वादळे साधी नसतात. जुलै २०२३ मध्ये काव्हाल्लीनोपासून फार दूर नसलेल्या अझ्झानो देचिमो गावात १९ सेंटिमीटर व्यासाची गार पडली होती आणि तो युरोपातला उच्चांक ठरला. डोक्यावर पक्के छप्पर असलेले बरे.

तारखांचा प्रश्न उरतो. मुलांची शाळा बुडवता येत नाही, कारण सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखाली दंड होतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिथले पाणी अजून गार असते. म्हणजे उन्हाळ्याचे सहा आठवडेच हाती राहतात. त्यातले ऑगस्टच्या मध्याचे दिवस टाळा, कारण १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आगेमागे अख्खा इटली समुद्रावर उतरतो. तुमच्या दक्षिण विभागातल्या शाळांची सुट्टी संपण्याआधीचा शेवटचा आठवडा या गर्दीच्या पुढे पडत असेल तर तोच सर्वांत चांगला. दर उतरू लागतात, पाणी तापलेले असते आणि दुपार थोडी सुसह्य होते. शनिवारी निघू नका. त्या दिवशी घरांची अदलाबदल होत असल्याने आल्प्समधल्या ब्रेनर घाटात निम्मा युरोप रांगेत उभा असतो. अकराशे-बाराशे किलोमीटरचे अंतर दोन दिवसांत पार करा, मुक्काम बव्हेरियात ठेवा आणि ऑस्ट्रियाचा टोलचा स्टिकर आधीच काढा. ब्रेनरचा टोल त्याशिवाय वेगळा असतो.

दर पाहताना पहिल्या पानावरचा आकडा पाहू नकोस. चादरी-टॉवेल, शेवटची सफाई, परत मिळणारी अनामत आणि माणशी रोजचा पर्यटन कर धरून दोन पार्कांची तुलना कर. क्रम उलटतो असे पुष्कळदा दिसते. आणि आई-बाबांचा व्हिसा हाती येईपर्यंत फुकट रद्द करता येईल असेच आरक्षण घे. त्यांच्या व्हिसावरच्या ९० दिवसांत हा आठवडा बसतो का, तेही मोजून घे. तुम्ही चौघांनी पासपोर्टसोबत रहिवासाची कार्डे बरोबर ठेवा. सीमेवर सहसा कोणी विचारत नाही, पण विचारले तर घरी राहिली हे उत्तर चालत नाही.

दोन-तीन पार्कांचे नकाशे काढून ठेव आणि मला पाठव. कोणत्या गल्ल्या घ्याव्यात आणि कोणत्या टाळाव्यात ते मी खुणा करून परत पाठवते. चांगले क्रमांक फेब्रुवारीअखेरपर्यंत जातात, म्हणून अभिजितला निर्णयासाठी या महिन्याचीच मुदत दे.

आई-बाबांना माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
केतकी

ता. क. : आईंना सांगून ठेव की पार्मेसान आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे पास्त्यावर ती न घालायला आधीच सांगावे लागते. मारिनारा पिझ्झावर मुळात चीजच नसते. प्रेशर कुकर बरोबर घ्या. चूल गॅसची आहे ना, तेवढे मात्र पार्कला विचारून घे.