नडगी दुखते म्हणजे पोरगं नाटकच करतंय असं नाही

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्याकडेपण पोरांना दोन वर्षं सक्तीनं मिलिटरीत पाठवा म्हणजे मोबाईल सुटेल न् शिस्त लागेल, असं म्हणणारी पत्रं अधूनमधून वाचायला मिळतात. आम्ही सिंगापूरला असतो, इथे हे 1967 पासून चालू आहे आणि नुसत्या नागरिकांनाच नाही, आमच्यासारख्या पीआर (कायम राहायचा परवाना) घेतलेल्यांच्या मुलांनापण जावं लागतं, आमचा मुलगा गेला. माझा विरोध नाहीये हे आधीच सांगते.

सुरुवातीचं ट्रेनिंग टेकाँग बेटावर, शेवटी पाठीवर सामान घेऊन 24 किलोमीटरचा मार्च. क्लास आणि एसीत वाढलेली पोरं ही, दम वाढतो पटकन पण हाडाला वेळ लागतो, मग रोजच्या आपटण्यानं त्याला बारीक चीर जाते, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याला. आणि गंमत अशी की (गंमत कसली!) पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बरेचदा काही दिसतच नाही, एमआरआय केला तर कळतं. म्हणजे तोवर पोरगं खोटारडं. इस्रायलमध्ये 295 रिक्रूट 14 आठवडे नीट तपासले होते, 1985 साली तो अभ्यास छापून आला, 31 टक्के जणांना असली फ्रॅक्चर निघाली!

इथे पोरांच्यात एक शब्द आहे, 'चाओ केंग', म्हणजे आजाराचं सोंग घेऊन ड्युटी टाळायची. हा शिक्का बसायला नको म्हणून आमच्या मुलानं दुखणं कुणाला सांगितलंच नाही. सुट्टीला घरी आला तेव्हा जिना आडवा होऊन एकेक पायरी उतरत होता, मी बघितलं, आणि त्याचे बाबा काय म्हणाले तर "आमच्या वेळी आम्ही शाळेत चालत जायचो". मीपण हळद लावून परत पाठवला, खोटं कशाला बोलू. नंतर एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला चीर निघाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीनं पळणं, मार्चिंग, उड्या सगळं बंद, आणि त्याला पायापेक्षा त्या चिठ्ठीचीच लाज जास्त.

इथली व्यवस्था वाईट आहे असं नाही. 2018 मध्ये मार्चनंतर उष्माघातानं एक मुलगा गेला, 2019 ला न्यूझीलंडच्या सरावात अ‍ॅलॉयसियस पँग हा नट तोफेत चिरडून गेला, त्यानंतर ट्रेनिंगचा वेग कमी केला, सेफ्टीवर नजर ठेवायला वेगळं ऑफिस काढलं. मुलांचे हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून अंग थंड करतात. एवढं सगळं करूनही दुखणं लपवणारं पोरगं लपवतंच.

आणि आपल्याकडे सक्ती नसतानाच काय चाललंय ते बघा ना. माझा भाचा साताऱ्याकडे पोलीस भरतीची तयारी करतो, 1600 मीटरसाठी रोज पहाटे डांबरी रोडवर पळतो, बुटाचा तळ झिजून सपाट झालाय. परवा फोनवर म्हणाला मावशी नडगी दुखते दोन महिने झाले. अकॅडमीतल्या सरांना सांगितलंस का विचारलं तर म्हणे, नको, हसतील.

आपली,
एक वाचक, सिंगापूर