प्रोसिडिंग वाचून दाखवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला टपालानेही पाठवलंय. तरी उघडही लिहितेय, कारण आमच्या वाचनालयाची भांडणं गावाने उघड्यावरच पाहिली. ती निस्तरली कुणी, हेही लोकांना कळू दे. विश्वस्त मंडळाने तुमच्या आभाराचा ठराव केला आहे, तो ठरावाच्या भाषेत आहे. हे पत्र माझं, ग्रंथपालाचं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आत शिरलं तेव्हा आमचं मंडळ एक होतं. चिखलातून पुस्तकं उपसताना कुणी कुणाचं पद विचारलं नाही. भांडण लागलं ते मदत आल्यावर. देणग्या आल्या, राज्यभरातून पुस्तकांची खोकी आली. (त्यांत जुनी गाइडं किती होती ते सांगत नाही. देणाऱ्यांचं मन चांगलं होतं.) आता या सगळ्याचं करायचं काय? मंडळातले डॉक्टर म्हणाले, स्पर्धा परीक्षांच्या पोरांसाठी अभ्यासिका. वकीलसाहेब म्हणाले, रस्त्याच्या बाजूला गाळे काढा. अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून ग्रंथपालाचा पगार किती दिवस थकवायचा? या मुद्द्यावर मी कुणाच्या बाजूची हे वेगळं सांगायला नको. अण्णांचं एकच, आधी पुस्तकं वरच्या मजल्यावर न्या. 2021 च्या जुलैमध्ये नदी पुन्हा आली आणि अण्णा खरे ठरले. त्याने वाद मिटायला हवा होता, पण अण्णा ते दर सभेत ऐकवायला लागले आणि वाद आणखी चिघळला.

तुमच्या आधीही काही जण आम्हाला एकत्र आणायला येऊन गेले. एक सल्लागार आले, त्यांनी सगळ्यांच्या हातात रंगीत चिठ्ठ्या दिल्या, त्या भिंतीवर चिकटवल्या आणि त्यातून एक 'व्हिजन' तयार केलं. त्यात सर्वांगीण, सक्षमीकरण आणि ज्ञानाधिष्ठित हे तिन्ही शब्द होते, वाचनालय हा शब्द नव्हता. त्याचं फ्लेक्स लागलं, त्यामागे कबुतरांनी घरटं केलं. बिल मात्र वेळेवर आलं. मग एक पुढारी आले. दोन्ही गटांचे हात हातात देऊन त्यांनी फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पुतण्यासाठी गाळ्याची चौकशी केली. आणखी एका ज्येष्ठांनी तासभर सुनावलं, की रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासून चालू आहे, तुम्हाला एक मजला धड सांभाळता येत नाही. खरं होतं ते. पण खरं ऐकून आम्ही होतो तिथेच राहिलो.

तुमचं नाव निघालं तेव्हा आमच्यातलेच एक जण म्हणाले, "बचत गटाची बाई आम्हाला काय शिकवणार?" त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्यांनी नंतर स्वतःच येऊन तुम्हाला ते सांगितलं.

सभांत काय काय झालं ते सगळं इथे लिहीत नाही. मला एकच गोष्ट लिहायची आहे. शेवटच्या सभेत ठराव मतांना आला: पुस्तकं वर, खाली अभ्यासिका, रस्त्याकडेला गाळे. गाळ्यांना अण्णांचा विरोध होता. ते नेहमीप्रमाणे "चालू द्या तुमचं" म्हणून उठले आणि चपलांकडे निघाले. आमच्याकडे वर्षानुवर्षं हे असंच चालायचं. अण्णा खोलीभर ओरडायचे, बाहेर जायचे, आणि प्रोसिडिंगमध्ये यायचं 'सर्वानुमते मंजूर'. पुढच्या सभेत ते वाचून अण्णा दुप्पट ओरडायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला सवयच आहे.

तुम्ही उठलात आणि दाराशी जाऊन म्हणालात, "अण्णा, तुमचं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय हा ठराव पुरा होत नाही." मग कार्यवाहांकडून प्रोसिडिंग बुक मागून घेतलंत आणि अण्णांना सावकाश सांगायला लावून स्वतःच्या हाताने त्यांचं बोलणं उतरवलंत. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलंत. अण्णा म्हणाले, "नुसतं 'दिलेली जागा' नाही, 'वाचनासाठी दिलेली जागा' लिहा." तुम्ही ती ओळ खोडलीत, नव्याने लिहिलीत, पुन्हा वाचलीत आणि विचारलंत, "असंच म्हणायचं होतं ना?" अण्णांनी मान हलवली आणि ते खुर्चीवर येऊन बसले. ठराव त्यांच्या विरोधात गेला, तरी ते सभा संपेपर्यंत बसून होते.

पुढचं तुम्ही कुणालाच सुचवलं नव्हतं. वकीलसाहेब आपणहून म्हणाले, "तीन वर्षांच्या वरचा भाडेकरार धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आपण तीनचाच करू, आणि मुदत संपली की हा विषय अण्णांच्या हरकतीसकट पुन्हा सभेपुढे ठेवू." अण्णांकडे बघत वकीलसाहेब बोलल्याचं मी प्रथमच पाहिलं. मग डॉक्टर म्हणाले, "म्हणजे ज्याला घरी बसून अभ्यासाला जागा नाही त्याला जागा, ज्याला पुस्तक परवडत नाही त्याला पुस्तक, आणि पाणी यायच्या आधी पुस्तकं वर. एवढंच ना आपलं काम?" अण्णा म्हणाले, "हे लिहा." फ्लेक्स काढून आम्ही तेच वाक्य देवघेवीच्या खिडकीवर ऑइलपेंटने लिहून घेतलंय. कबुतरांनी मुक्काम माळ्यावर हलवला आहे.

स्टँडवर सोडायला आले तेव्हा मी तुम्हाला विचारलं, हे कुठे शिकलात? तुम्ही म्हणालात, "आमच्या गटात निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं. लिहिलेलं वाचून दाखवलं नाही तर बाई अंगठा कशावर उठवणार?" आमच्या मंडळात दोन पीएचडी आहेत. त्यांनी कशाकशावर सह्या केल्या असतील, हा विचार मी घरी येईपर्यंत करत होते.

आपल्याकडे गोड बोलणाऱ्यालाच सज्जन म्हणायची रीत पडली आहे. तुम्ही काही गोड बोलत नव्हतात. डॉक्टरांना मोबाइल खिशात ठेवायला सांगितलंत, मलाही मध्ये बोलल्याबद्दल दटावलंत. पण जो नको असलेलं बोलतोय त्याचंही बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, आपल्या सोयीचं करून नाही, यात मला जास्त सज्जनपणा दिसतो. अशी माणसं असतात अधूनमधून. न मागता पावती देणारा दुकानदार असतो, साहेब असून रांगेत उभा राहणारा कुणी असतो. त्यांचं कौतुक कुठे छापून येत नाही, म्हणून मी इथे करून घेतेय.

आणि ते प्रवासखर्चाचं व्हाउचर! 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणून तुम्ही तेवढेच पैसे घेतलेत. कार्यवाहांनी पूर्ण तिकिटाचा आकडा टाकला होता, तो खोडून घेतल्यावरच सही केलीत. मानधनाचं पाकीट परत केलंत ते बालविभागाकडे वळवलंय, त्याची पावती सोबत आहे. यावर रागावू नका.

तुमच्या गटांसाठी मागितलेली वाचनपेटी मंजूर झाली. मोठ्या अक्षरातली पुस्तकं निवडून ठेवतेय. गावाकडून कुणी इकडे येणार असेल तर कळवा, पेटी तयार आहे. अण्णांचं म्हणणं, पहिल्या पेटीत आरोग्याची पुस्तकं नकोत, बायांना आरोग्य सगळेच शिकवतात, गोष्टी पाठवा. डॉक्टरांची याला हरकत आहे. ती लिहून घेतली, वाचूनही दाखवली.

आपली नम्र,
ग्रंथपाल