पिंकी नव्हतीच ती

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझ्या ईशान्येकडच्या रूममेटबद्दल सांगताना तू 'तो चिंकी' म्हणालास आणि पुढच्या विषयाकडे वळलास. मी गप्प बसले. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून लिहितेय.

२०१२ साली आपण पुण्यात होतो, तू पहिलीत असशील. कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये मी दर महिन्याला भुवया करायला जायचे. तिथल्या मुलीचं नाव मला जमेना, म्हणून मीच तिला 'पिंकी' करून टाकलं. शेजारणींना सांगायचे, 'नेपाळी आहे, पण हात काय हलका आहे! कष्टाळूच असतात ही माणसं.' मला ते कौतुक वाटायचं. त्यातला 'पण' आता टोचतो.

त्या जुलैत आसामात कोक्राझारकडे बोडो आणि मुसलमानांत दंगली पेटल्या. ऑगस्टमध्ये पुण्यात ईशान्येकडच्या काही मुलांना मारहाण झाली. मोबाइलवर अफवा फिरू लागल्या, की ईद झाली की तुमची खैर नाही. पुण्या-बंगळूरहून हजारो माणसं मिळेल त्या गाडीने निघाली; सरकारला पंधरा दिवस घाऊक एसएमएस बंद करावे लागले. मी पार्लरमध्ये गेले तर ती नाही. मालकीण म्हणाली, 'मणिपूरला गेली.' मी विचारलं, 'मणिपूरला कशाला? ती नेपाळची ना?' मालकीण माझ्याकडे नुसती बघत राहिली.

दोन वर्षं त्या मुलीने माझ्या कपाळावर दोरा फिरवला होता, आणि ती आपल्याच देशातली आहे हे मला ठाऊक नव्हतं. चेहरा बघून मी ठरवूनच टाकलं होतं, मग विचारायचं काय! ती परत आली नाही.

दीडेक वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलच्या निडो तानियाला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. विशीच्या आतबाहेरचं पोर. सुरुवात कशाने झाली, तर त्याच्या केसांच्या टिंगलीने. त्यानंतर नेमलेल्या बेजबरुआ समितीने अशा हिणवण्याला कायद्यात शिक्षा हवी असं सुचवलं. ती बातमी वाचताना मला निडोच्या आधी माझी 'पिंकी' आठवली.

आपल्या घरातलंच बघ. माझ्या माहेरी मालवणात तुझ्या बाबांना लग्नानंतर कितीतरी वर्षं 'घाटी' म्हणायचे. मीही हसायचे. बाबाही हसायचे, म्हणून मला वाटे त्यांना चालतंय. परवा विचारलं तर म्हणाले, 'हसलो नसतो तर जावई रागीट आहे म्हणाला असतात तुम्ही.' तुझा रूममेटही हसतो म्हणालास ना?

आणि त्याच्या आंबवलेल्या मासळीच्या वासाचं म्हणशील, तर आजीकडे चुलीवर सुका बांगडा भाजला की तू ताट घेऊन पहिला हजर असायचास. शेजारचे देशावरचे भाडेकरू तेव्हा खिडक्या लावून घ्यायचे. त्यांना आपण काय काय नावं ठेवायचो, ते इथे लिहीत नाही.

दिवाळीचा फराळ पुढच्या आठवड्यात कुरिअर करते. या वेळी दोन डबे आहेत, दुसऱ्यावर त्याचं नाव घालायचंय. त्यालाच विचार कसं लिहायचं ते, आणि फोनवर मला दोनदा म्हणून दाखव. माझी जीभ जड आहे, पण या खेपेला मी शिकणार आहे.

तुझी,
आई